आराखड्यात आमची जागा कुठे?

सातारा आणि सांगली हे विजेचे जिल्हे आहेत. पाटण तालुक्यात अडवलेल्या कोयनेच्या पाण्यावर १,९६० मेगावॅट क्षमतेची वीजगृहे उभी राहिली. वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर आणि कवठेमहांकाळ तालुक्यातील ढालगाव परिसरात पवनचक्क्या उभ्या आहेत. आता सौर ऊर्जेच्या योजना आल्या आहेत. धरणाखाली गावे गेली, पठारावर खांब रोवले गेले. पण तंत्रज्ञ बाहेरून यायचा आणि आमच्या पोराने फाटकावर शिट्टी घेऊन उभे राहायचे, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना वीज आणि तांत्रिक प्रशिक्षण हे दोन्ही विषय बाबासाहेबांकडे होते. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची मांडणी होती. म्हणून या दोन जिल्ह्यांत ऊर्जा प्रशिक्षणाची स्वतंत्र महाविद्यालये हवीत, ही मागणी आम्ही करतो.

मात्र नुसती मागणी पुरेशी नाही. इमारतीचा आराखडाही मागून घेतला पाहिजे. कारण इमारत हीसुद्धा सामाजिक न्यायाचीच बाब आहे. शाळकरी भीमरावाला वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. शिपाई नसेल तर पाणी मिळत नसे. तो अन्याय कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हता. तो बसण्याच्या जागेत आणि पाण्याच्या नळापाशी होता. उलट कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली ठेवले आणि शिक्षणाची वाट मोकळी झाली.

मग आराखड्यात काय पाहायचे? दर्शनी भागात भव्य पोर्च आणि साहेबांची केबिन, मागे पत्र्याच्या शेडमध्ये कार्यशाळा, असा नकाशा आला तर तो परत पाठवा. हाताने काम करणाऱ्याला मागच्या दाराने आणणारी ही जुनीच व्यवस्था आहे. कार्यशाळा पुढे हवी. छतावरचे सौर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण १७ अंशांच्या उतारावर हवेत. तिथे जायला शिडी नव्हे, रुंद जिना हवा, कारण छत हाच तिथला वर्ग आहे. वायरिंग भिंतीत न गाडता विद्यार्थ्याला दिसेल असे हवे. खिडक्या उत्तर-दक्षिण ठेवल्या तर दिवसा दिवे आणि पंखे कमी लागतील. सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले. तिथे यंत्रे पूररेषेच्या वर हवीत. आणि वसतिगृह त्याच आवारात हवे, मुलींसाठीसुद्धा. जत, आटपाडी, माण, खटावचे पोर एस.टी.च्या वेळा सांभाळत कार्यशाळा पूर्ण करू शकत नाही.

आरक्षणाने प्रवेशाच्या यादीत नाव लागते. पण राहायला खोली नसेल तर ते नाव यादीतच राहते. तेव्हा भूमिपूजनाच्या मांडवात हारतुरे घेऊन जाण्याआधी कार्यकर्त्यांनी नकाशा मागावा, वाचावा आणि त्यात आपल्या मुलामुलींची जागा कुठे आहे ते बोट ठेवून विचारावे. कोनशिला बसल्यावर भिंती हलत नाहीत.