आधी कारकुनी, मग सौदे

परवा शेजारच्या काकू पेढे घेऊन आल्या, पण चेहरा उतरलेला. लेक बी.कॉम. झाली, शेअर दलालाकडे हिशेब तपासायची नोकरी लागली. काकू म्हणाल्या, ‘‘तिला ट्रेडिंग करायचंय. मग ही कारकुनी कशाला? बांगड्या मोडून भांडवल देते की!’’

मी म्हटलं, ‘‘काकू, बांगड्या हातातच राहू द्या.’’

सेबीने २०२४ मध्ये जाहीर केलेली पाहणी सांगते, की त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्या शंभरातल्या ९३ जणांनी तोटाच सोसला. मार्जिन कमी पडलं की सौदा कसा मोडला जातो, घाईत टाकलेली ऑर्डर किती महागात पडते, हे नोकरीत मुलगी स्वतःचा पैसा न घालवता शिकते. शिवाय दलालाकडे या सौद्यांच्या टर्मिनलवर बसायचं, तर एनआयएसएमची परीक्षा पास व्हावीच लागते. ती नोकरी सांभाळून देता येते.

मात्र वाट आपोआप उघडत नाही. काही जण वर्षानुवर्षं हिशेबाच्याच टेबलावर राहतात. म्हणून मुलाखतीतच विचारावं, ‘‘पुढे डीलिंगला बदली मिळते का?’’ पगार थोडा कमी असला, तरी जिथे ‘हो’ म्हणतील ती नोकरी धरावी.

मैत्रिणींनो, विहिरीत पोहायला शिकवताना आपण लेकीच्या कमरेला भोपळा बांधतोच ना? ही पहिली नोकरी म्हणजे तोच भोपळा. तिला कारकुनी म्हणून हिणवू नका.