काडेपेटीत मावलेला कारखाना

‘मॅचबॉक्स’ हे नाव आजही खेळण्यांच्या दुकानात दिसते. ते नाव घडवणारी लंडनची लेस्नी कंपनी मात्र १९८२ सालीच बुडाली. तिचा उदय आणि तिचा अंत, दोन्ही समजून घ्यायचे तर पोलादी साच्यापासून सुरुवात करावी लागते.

जानेवारी १९४७. महायुद्धातून नौदलाची नोकरी करून परतलेले दोन शाळासोबती, लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ. आडनाव एकच, नाते काही नाही. दोघांनी सुमारे ६०० पौंडांची पुंजी एकत्र केली, उत्तर लंडनमधली ‘द रायफलमन’ नावाची ओस पडलेली दारूगुत्त्याची इमारत घेतली आणि आपल्या नावांचे तुकडे जोडून कंपनीचे बारसे केले. लवकरच जॅक ओडेल त्यांना येऊन मिळाला. धातूच्या ओतकामात त्याचा हात बसलेला होता आणि पुढच्या साऱ्या वैभवामागे मुख्यतः त्याचीच बोटे आहेत. खेळणी करायचे कुणाच्या मनातही नव्हते. कारखान्यांना लागणारे सुटे भाग ओतून द्यायचे, एवढाच धंदा. पण वर्षअखेरीस करासाठी मालाची मोजदाद होई, म्हणून गिऱ्हाईक नवा माल उचलत नसे आणि यंत्रे रिकामी पडत. त्या रिकामपणात १९४८ मध्ये खेळण्यातला पहिला रोड रोलर बाहेर पडला.

साच्याचे गणित कठोर असते. जस्ताचा मिश्रधातू चारशे अंशांच्या आसपास वितळवून दाबाने पोलादी साच्यात घुसवतात; काही क्षणांत तो थिजतो आणि गाडीचा सांगाडा बाहेर येतो. त्याआधी मूळ नमुना मोठ्या आकारात घडवायचा, मग पेंटोग्राफच्या साहाय्याने त्याची रेघन्‌रेघ लहान करत पोलादात कोरायची. या कामाला कुशल कारागीर लागतात, महिने लागतात, पैसा लागतो. साचा एकदा तयार झाला की दर नगाचा खर्च नगण्य. म्हणजे प्रचंड खप झाला तर सोने, नाही तर सगळा पैसा पोलादात अडकलेला.

साचा किती हट्टी असतो, याची एक खूण राज्याभिषेकाच्या रथात राहिली आहे. लेस्नीच्या मोठ्या रथात राजा-राणी शेजारी बसलेले होते. फेब्रुवारी १९५२ मध्ये सहावे जॉर्ज वारले. साच्यातून राजाची आकृती काढून टाकली, पण कमरेखालचा भाग तसाच राहिला. राणीशेजारी राजाचे नुसते पाय असलेले ते रथ संग्राहक आजही जपतात. पुढे १९५३ च्या राज्याभिषेक सोहळ्यासाठी केलेला छोटा रथ दहा लाखांहून अधिक खपला आणि कंपनीच्या हाती भांडवल आले.

त्याच सुमारास ओडेलच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणायची मुभा होती. बापाने तिच्यासाठी रोड रोलर लहान करून काडेपेटीत घालून दिला. १९५३ मध्ये त्यातून ‘मॅचबॉक्स’ मालिका सुरू झाली, तीही खऱ्या काडेपेटीसारख्या खोक्यात. इथे प्रमाण ठरवले खोक्याने. डबलडेकर बस असो की लहानशी मोटार, तिला त्या डबीत बसायचे होते, म्हणून प्रत्येक गाडीचे प्रमाण वेगळे. काटेकोर प्रतिकृतींच्या भोक्त्यांना हे खटकते. मला मात्र यातच या मालिकेचा मोठेपणा दिसतो. दीड शिलिंगाला मिळणारी ही गाडी मूल स्वतःच्या खाऊच्या पैशांतून विकत घेऊ शकत होते. लिव्हरपूलच्या डिंकी टॉइजच्या मोठ्या गाड्यांसाठी त्याला वाढदिवसाची वाट पाहावी लागे.

मालिका पंचाहत्तर गाड्यांवर स्थिरावली. जुनी काढायची, नवी घालायची. १९६० मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले आणि पूर्व लंडनच्या हॅकनी भागात कारखाना फुगत गेला. जोडणीच्या रांगांवर मुख्यतः आसपासच्या वस्तीतल्या बायका होत्या. खपाच्या आकड्यांच्या कौतुकात त्यांचे हात हमखास विसरले जातात, आणि हे मला फार लागते.

१९६८ मध्ये अमेरिकेच्या मॅटेलने ‘हॉट व्हील्स’ आणल्या. बारीक आसांवर सुसाट पळणाऱ्या त्या गाड्यांपुढे लेस्नीच्या गाड्या एका रात्रीत जुनाट दिसू लागल्या. १९६९ पासून ‘सुपरफास्ट’ मालिका आली, पण त्यासाठी एकामागून एक साचे बदलावे लागले. लेस्नीला मॅटेलने मारले, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. त्या तडाख्यानंतरही कंपनी तेरा-चौदा वर्षे उभी होती. १९८० च्या आसपास ब्रिटनमध्ये व्याजदर चढले, पौंड महागला आणि निर्यातीवर जगणारा कारखाना दोन्ही बाजूंनी चेपला गेला. मोठ्या खपावर बेतलेल्या साच्यांना लहान खप सोसत नाही. डिंकीचा लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला, कॉर्गी गाड्या करणारी मेटॉय १९८३ मध्ये कोसळली. तिघांची दुखणी निरनिराळी होती, पण चार वर्षांत एक अख्खा उद्योग संपला.

लेस्नीचे नाव आणि साचे १९८२ मध्ये युनिव्हर्सल टॉइजने घेतले व उत्पादन पूर्वेकडे गेले. १९९२ मध्ये ते नाव टायकोकडे आणि १९९७ मध्ये खुद्द मॅटेलकडे पोहोचले. हॅकनीतल्या कारागिरांचे कौशल्य मात्र कुठल्याच खरेदीखतात नव्हते.

लेस्नी बुडाली तेव्हा साठी ओलांडलेल्या ओडेलने लेस्नीची काही जुनी यंत्रे विकत घेतली, आपले आडनाव उलटे वाचून ‘लेडो’ ही नवी कंपनी काढली आणि पुन्हा ओतकाम सुरू केले. तिच्या मालिकेतली पहिल्या क्रमांकाची गाडी होती घोड्यांची ट्राम.