गाडी न्यूट्रलला आहे ना? मग ओढ!

रस्त्यात आडव्या झालेल्या गाडीवर आपल्याकडे एकच रामबाण उपाय आहे. न्यूट्रल टाका, दोर बांधा आणि ओढा! अ‍ॅम्बॅसॅडरपासून मारुती 800 पर्यंत सगळ्यांना तो चालला. हायब्रिड गाडीला मात्र तो चालत नाही, आणि क्रेनवर काम करणाऱ्या पोरांना हे कुणी नीट बसून सांगत नाही. माझं म्हणणं आहे की ते आपण सांगावं.

(पुढचा परिच्छेद मेकॅनिकलवाल्यांनी दोनदा वाचावा. इलेक्ट्रिकलवाल्यांनी गालात हसून पुढे जावं.)

टोयोटाची प्रियस 1997 साली जपानमध्ये आली. तिच्यातली मोठी मोटर पुढच्या चाकांना गिअरने कायमची जोडलेली असते. न्यूट्रल म्हणजे तिथे दात सुटणं नव्हे, फक्त इन्व्हर्टरचे स्विच बंद होणं. रोटरवर परमनंट मॅग्नेट. म्हणजे चाक फिरलं की रोटर फिरला, आणि रोटर फिरला की फॅरेडेसाहेब हजर! मोटरचा जनरेटर झाला. अपघातात इन्व्हर्टर नाहीतर केबल चेपली असेल, तर ही वीज भलतीकडे जाऊन आगही लागू शकते. म्हणून गाडी फ्लॅटबेडवर घालावी, निदान पुढची चाकं तरी उचलावीत. मागच्या चाकांनाही मोटर असेल तर फ्लॅटबेडशिवाय पर्याय नाही. आता गंमत बघा. समोरून धडकलेल्या गाडीचं नाक चेपलेलं असतं, म्हणून क्रेनवाला तिला मागून उचलतो आणि नेमकी पुढची चाकं रस्त्यावर फरफटतात.

दुसरी भानगड शांततेची. इंजिनचा आवाज नाही म्हणजे गाडी बंद, असं इथे नसतं. डॅशबोर्डवर ‘रेडी’चा दिवा असेल तर ती केव्हाही हलू शकते. आधी पॉवरचं बटण बंद करायचं, चावी लांब न्यायची, मग 12 व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह काढायची. मोठ्या बॅटरीचे रिले या 12 व्होल्टवरच तग धरून असतात, ते गेले की उघडतात. पण काचा खाली घेणं, डिकी उघडणं ही कामं त्याआधी उरका. प्रियसमध्ये तर ‘पी’मधून बाहेर काढायलाही हीच वीज लागते. दुसऱ्या पिढीच्या प्रियसची बॅटरी 201.6 व्होल्टची, आणि मोटरसाठी ती 500 पर्यंत चढवतात. कपॅसिटर रिकामे व्हायला दहा मिनिटं द्यावीत. नारिंगी केबलला हात नको, पक्कड तर नकोच.

याचा अर्थ घाबरून जखमी माणसाला आत ठेवायचं असा नाही हं! या वायरी बॉडीपासून वेगळ्या ठेवलेल्या असतात.

2022 पासून हायरायडर, ग्रँड विटारा, हायक्रॉस अशा गाड्या आल्या. हिरवी पाटी निव्वळ बॅटरीवरच्या गाड्यांना, हायब्रिडला साधीच. म्हणजे रात्री दोन वाजता, पावसात, त्या पोराने मागचा ‘हायब्रिड’ बॅज शोधायचा. तोही चेपलेला असला तर?

नेऊन ठेवायची कुठे, हाही प्रश्नच. बॅटरीला मार बसला असेल तर आग काही तासांनी, कधी काही दिवसांनीही लागते. अशी गाडी इमारतीपासून आणि इतर गाड्यांपासून 15 मीटर लांब हवी. आपल्याकडे अपघातातल्या गाड्या बंपरला बंपर लावून कोंबतात.

‘हे कंपनीचं काम आहे,’ असं काही सर म्हणतील. कबूल. कंपन्या माहितीपत्रकं काढतातही. पण अपघाताच्या जागी कंपनीच्या आधी क्रेन पोचते, आणि क्रेनवरचा पोरगा आपल्याच वयाचा असतो, हातात ग्लोव्हज नाहीत, पायात स्लीपर. हजार व्होल्टचे इन्सुलेटेड ग्लोव्हज आपल्या मशीन्स लॅबने एकदा त्याच्या हातात घालून दाखवावेत. एनएसएसने एक शनिवार द्यावा, ऑटोमोबाईलच्या सरांनी दोन तास. आणि मराठीत एक पानी सूचना छापून, लॅमिनेट करून क्रेनच्या केबिनमध्ये लावावी. मजकूर लिहायला मी तयार आहे, चित्रं काढणारा कुणी असेल तर सांगा.