बाप्तिस्मा घेतला की माणूस ख्रिस्ती होतो का? चर्च काय म्हणतं आणि कायदा काय म्हणतो?

पुद्दुचेरीतल्या एका तरुणीला क्लार्कच्या पदासाठी अनुसूचित जातीचा दाखला हवा होता. वडील हिंदू, वळ्ळुवन जातीचे. आई ख्रिस्ती. आपण हिंदू आहोत, असं या तरुणीचं म्हणणं होतं. पण अधिकाऱ्यांनी दाखला नाकारला, हायकोर्टात दाद मिळाली नाही आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तिचं अपील फेटाळलं.

कोर्टासमोर मुख्य दोन गोष्टी होत्या. तान्ही असताना तिचा बाप्तिस्मा झाला होता आणि ती नियमित चर्चला जाते, असं चौकशीत आढळलं होतं. बाप्तिस्मा झालेली, चर्चला जाणारी व्यक्ती स्वतःला हिंदू म्हणवू शकत नाही, ती पुन्हा हिंदू झाल्याचा पुरावाही नाही आणि श्रद्धा नसताना फक्त आरक्षणासाठी धर्म सांगणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे, असं कोर्टानं म्हटलं.

आता यातला एक प्रश्न बघा. ज्या विधीची त्या मुलीला आठवणही असणार नाही, त्यानं ती ख्रिस्ती झाली का? यावर खुद्द चर्चमध्येच एकमत नाही. आणि हा प्रश्न फक्त तिचा नाही. धर्मांतराचे व्हिडिओ रोज व्हायरल होतात, त्यावर भांडणं होतात. पण ख्रिस्ती होणं म्हणजे नेमकं काय होणं, हे त्यात क्वचितच कुणी सांगतं.

ख्रिस्ती माणूस नेमकं काय मानतो?

ख्रिस्ती धर्मात पंथ पुष्कळ आहेत, पण गाभा बहुतेकांचा सारखाच. देव एकच आहे आणि तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा तीन रूपांत एक आहे. याला त्रैक्य म्हणतात. माणूस पापामुळे देवापासून दुरावला. येशू हा देवाचा पुत्र, तो माणूस म्हणून जन्मला, माणसांच्या पापांसाठी क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत झाला. म्हणूनच नाताळ कितीही गाजत असला, तरी श्रद्धेच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा सण ईस्टर आहे.

तारण, म्हणजे पापातून सुटका, माणसाला स्वतःच्या पुण्याईवर मिळत नाही. ती देवाची कृपा आहे आणि ती विश्वासानं स्वीकारायची असते. चांगली कामं करायची, शेजाऱ्यावर प्रेम करायचं, शत्रूलाही माफ करायचं, कारण त्याशिवाय तो विश्वास खरा ठरत नाही.

बायबलचे दोन भाग आहेत, जुना करार आणि नवा करार. येशूचं चरित्र नव्या करारातल्या चार शुभवर्तमानांत आहे: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. श्रद्धेची मुख्य सूत्रं इसवी सन ३२५ मध्ये नायसिया इथल्या धर्मपरिषदेत शब्दांत मांडली गेली. हे शहर आजच्या तुर्कस्तानात येतं.

मग सुरुवात कशी होते?

समजा, एखाद्या प्रौढ माणसाला ख्रिस्ती व्हायचं आहे. सहसा तो आधी एखादं शुभवर्तमान वाचतो, बहुतेकांना मार्कचं सुचवलं जातं, कारण ते सगळ्यात छोटं आहे. रविवारच्या उपासनेला जाऊन बसतो. प्रार्थना करायला लागतो. मग पाळकांशी किंवा फादरशी बोलतो.

कॅथलिक चर्चमध्ये प्रौढांना लगेच बाप्तिस्मा देत नाहीत. साधारणपणे काही महिने शिकवणीचे असतात आणि शक्यतो ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद हे तीन संस्कार एकत्र होतात. त्या माणसानं स्वतः इच्छा व्यक्त केलेली असणं ही तर अटच आहे. कुणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध कॅथलिक करू नये, असं या चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत स्पष्ट लिहिलं आहे.

खरा फरक लहान मुलांच्या बाबतीत आहे. कॅथलिक, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, मेथडिस्ट अशा चर्चमध्ये बाळांचा बाप्तिस्मा होतो. आईवडील आणि धर्ममातापिता त्याच्या वतीनं विश्वास जाहीर करतात. कॅथलिक शिकवणीनुसार या संस्काराचा ठसा कायमचा असतो, तो पुसत नाही. याउलट बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मंडळी म्हणतात की कळत्या वयात स्वतः कबुली दिल्याशिवाय बाप्तिस्म्याला अर्थ नाही. त्यांच्याकडे माणसाला पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. म्हणजे पुद्दुचेरीच्या त्या मुलीचा विधी एका चर्चच्या लेखी कायमचा आणि दुसऱ्याच्या लेखी बाप्तिस्माच नाही.

दोन मराठी माणसं, दोन वाटा

विधी आणि श्रद्धा यांतलं हे अंतर आपल्याकडच्या दोन मोठ्या माणसांच्या आयुष्यातही दिसतं.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतरही त्या त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर तिथल्या धर्मभगिनींशी वाद घालत राहिल्या. अमुक चर्च सांगतं म्हणून मानायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं. पुढे आपल्या आत्मकथनात त्यांनी कबूल केलं की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो अनुभव त्यांना बाप्तिस्म्यानंतर जवळपास आठ वर्षांनी आला.

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. कुटुंबाची ताटातूट झाली. लक्ष्मीबाई काही वर्षांनी परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयानं बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची चाकोरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती.

कायद्याला मात्र पुरावा लागतो

मनातली श्रद्धा कोर्टाला मोजता येत नाही. त्यामुळे ते वागणूक आणि कागद बघतं, आणि बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या रजिस्टरमध्ये तारखेसकट असते. ती नोंद काय काय बदलू शकते?

पहिलं, अनुसूचित जातीचा दर्जा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेर आहेत. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अट नाही.

दुसरं, वारसा. धर्म बदलला म्हणून स्वतःचा वारसाहक्क जात नाही. पण धर्मांतरानंतर झालेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांकडून वारसा मिळत नाही, ती मुलं वारसा खुला होताना हिंदू असतील तरच मिळतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २६ हेच सांगतं.

तिसरं, लग्न. हिंदू विवाह कायद्यात जोडीदारानं धर्म बदलणं हे घटस्फोटाचं एक कारण आहे.

चौथं, परवानग्या. कलम २५ नुसार प्रत्येकाला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क आहे. मात्र प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९७७ मध्ये सांगितलं. अनेक राज्यांत धर्मांतराचे वेगळे कायदे आहेत. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात धर्म बदलणाऱ्यानं ६० दिवस आधी जिल्हा प्रशासनाला कळवावं लागतं आणि विधी करणाऱ्यानंही महिनाभर आधी. त्यामुळे आपल्या राज्यात आज कोणता नियम लागू आहे, हे वकिलाकडून तपासून घेतलेलं बरं.

मूळ वाद कुठे आहे?

आरक्षण अस्पृश्यतेच्या इतिहासासाठी आहे आणि ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग दर्जा कशाला? हा एक युक्तिवाद. दुसऱ्या बाजूचं उत्तर असं की धर्मग्रंथात जात नसली तरी गावात ती आहे. तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती लोकांसाठी दफनभूमीसुद्धा वेगळी राहिली आहे. बाप्तिस्म्यानं माणसाचा धर्म बदलतो, शेजाऱ्याची नजर बदलत नाही.

रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ मध्ये हा दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली होती. ती लागू झाली नाही. २०२२ मध्ये केंद्रानं याच प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

थोडक्यात काय, तर ख्रिस्ती होण्याची सुरुवात चर्चच्या दृष्टीनं मनात होते आणि ती वर्षानुवर्षं चालू शकते. कायद्याच्या दृष्टीनं ती एका तारखेला होऊन जाते. जो या वाटेनं निघतोय, त्याला या दोन्ही गोष्टी आधीच माहीत असायला हव्यात. पैसे, नोकरी किंवा बरं करण्याचं आमिष दाखवून घाई करणारा आणि भीती घालून अडवणारा, दोघंही त्याचा निर्णय त्याच्या हातून काढून घेतात. आणि पुढच्या वेळी धर्मांतराचा एखादा व्हिडिओ तुमच्यापर्यंत आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच बघा: त्यातल्या माणसाला कुणी विचारलंय का, की तुला काय वाटतं?