शालूला टाळ्या, वर्दीला हरकत

‘द ब्राइड वॉज अ बॉय’ ही ‘ची’ नावाच्या जपानी चित्रकर्तीची आत्मकथनपर मांगा, म्हणजे चित्रकथा, २०१६ साली आली. मुलगा म्हणून वाढणं, शस्त्रक्रिया, कुटुंबनोंदीत लिंग बदलून घेणं आणि मग लग्न, हे सगळं तिनं हसतखेळत चौकटींत काढलंय. असल्या पुस्तकाचा विषय निघाला की सातारा-सांगलीकडं दोन उत्तरं ठरलेली. एक, ही परदेशी थेरं. दुसरं, आपल्याकडं या लोकांना पूर्वापार मान आहे, मग ऑपरेशन आणि सर्टिफिकेट हवं कशाला? बहुतेकदा दोन्ही एकाच तोंडून येतात.

पहिल्याचा निकाल झटकन लागतो. सौंदत्तीच्या वाटेवरचे, यल्लम्माला वाहिलेले आणि साडी नेसणारे जोगते काही टोकियोहून आलेले नाहीत. आणि त्याला जोडून ‘निसर्गात ढवळाढवळ नको’ म्हणणाऱ्यांनी मिरजेकडं बघावं. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथं दवाखाना काढला तेव्हापासून आपली माणसं पोट फाडून घ्यायला मिरजेला जाताहेत. निसर्ग आठवला म्हणून टेबलावरून कुणी उठून आल्याचं ऐकिवात नाही.

दुसरं उत्तर गोड आहे, म्हणून जास्त घातक. त्यात हमखास बालगंधर्व येतात, कारण त्यांचं नागठाणे गाव इथलंच. पण ते स्त्रीभूमिका करणारे नट होते. शालू उतरवला की नारायणराव राजहंस. त्यांना या खटल्यात साक्षीला काढणंच गैर. जोगत्याचं म्हणाल तर डोक्यावर देवीचा जग असेतोवर आपण पाया पडतो. तोच भाड्यानं खोली मागायला आला की खोली नुकतीच गेलेली असते. याला मान म्हणत नाहीत.

सातारा जिल्ह्यातल्या तृतीयपंथी आर्या पुजारींना पाया पडून घ्यायचं नव्हतं, पोलीस शिपाई व्हायचं होतं. २०२२च्या भरतीच्या ऑनलाइन फॉर्मवर पुरुष आणि स्त्री एवढेच पर्याय. त्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये गेल्या. १४ नोव्हेंबरला मॅटनं तिसरा पर्याय ठेवायला सांगितलं, तर सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात! डिसेंबरात तिथं सरकारला नमतं घ्यावं लागलं. मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८००; तृतीयपंथी उमेदवारानं किती धावायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल २०१४चा. पूर्वापार मान होता, तर आठ वर्षांत तो पोलीस भरतीच्या फायलीत कसा उतरला नाही?

राहिला प्रश्न, ‘ऑपरेशन झालंय का?’ जपानच्या कायद्यानं नोंद बदलायला प्रजननक्षमता संपवण्याची अट घातली होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती ऑक्टोबर २०२३मध्ये घटनाबाह्य ठरवली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं तर नालसा निकालात ओळखीसाठी शस्त्रक्रियेची सक्ती नको, हे २०१४लाच सांगितलं. ज्याला हवी त्याला शस्त्रक्रिया नीट, परवडेल अशी मिळावी. बाकीच्यांना हा प्रश्न विचारायचा अधिकार ना तलाठ्याला, ना शेजाऱ्याला.

तृतीयपंथीयांची आत्मकथनं मराठीत आली आहेत. आता कराड-तासगावकडच्या कुणी स्वतःच्या हातानं चित्रांतून हे सांगावं. शस्त्रक्रियेला त्यात दोन चौकटी पुरतील. फॉर्मलाच पानंच्या पानं लागतील.