मामाचा कोल्हा

शिकारीवर लिहिते आहे म्हटल्यावर आमच्या सदाशिव पेठेतली मंडळी हसतील. इथे शिकार होते ती डासांची, तीही बॅटने. पण विषय डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकते.

तर झालं काय, टेक्सासच्या माझ्या भाच्याचा परवा फोन आला. त्याने गावाबाहेर जागा घेतलीय, कोंबड्या पाळल्यात, आणि कायोटी त्या उचलून नेतात. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा तिकडचा भाऊबंद. म्हणाला, "मावशी, माझ्याकडे पॉईंट टू टू रायफल आहे. सशाला चालते, कायोटीलाही चालेल असं शेजारी म्हणतो."

"अरे, मी मराठीची बाई, मला काय विचारतोस?"

"मामाआजोबांच्या कोल्ह्याची गोष्ट तूच सांगायचीस ना?"

गोष्ट खरी आहे. १९६५ च्या सुमारास, कोकणात आजोळी. गड्याच्या कोंबड्या जात होत्या म्हणून मामाने ठासणीच्या बंदुकीत छर्रे भरले आणि लांबूनच बार टाकला. कोल्हा पडला नाही, मागचा पाय ओढत करवंदीत शिरला. तीन रात्री तो ओरडत होता. चौथ्या रात्री ओरडणं थांबलं. मामाने पुन्हा बंदूक उचलली नाही, पण तो विषयही कधी काढला नाही.

फोन ठेवला आणि दोन दिवस वाचत बसले. पॉईंट टू टूची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅम; सोनाराच्या भाषेत एकवीस गुंजा. वेग सेकंदाला ३३० मीटर. २०२४ मध्ये पॅरिसला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने कांस्यपदक मिळवलं ते याच गोळीवर. कागदाला भोक पाडायला आणि सशाला ती पुरते. कायोटीसाठी तिकडचे जाणते लोक टू टू थ्री वापरतात. जाडी जवळजवळ तीच, वजन ५५ ग्रेन, पण वेग तिप्पट. आमच्या शाळेतले शास्त्राचे सर सांगायचे, वेग तिप्पट झाला की ताकद नऊपट होते. वर वजन दीडपटीला थोडं कमी, म्हणजे एकूण बारापट! बाहेरून बघाल तर दोन्ही गोळ्या सारख्याच बारीक.

म्हणून शेजाऱ्याचं म्हणणं मला मुळीच पटलं नाही. लहान गोळी म्हणजे कमी हिंसा हा हिशेब चुकीचा आहे. कमी ताकदीची गोळी जनावर मारत नाही, अधू करते. मग करवंदीतल्या तीन रात्री.

आणखी एक गंमत, गंमत कसली म्हणा. अंगात शिरल्यावर पसरणारी गोळी इंग्रजांनी कलकत्त्याजवळच्या दमदमला बनवली. १८९९ च्या हेग परिषदेने ती युद्धात निषिद्ध ठरवली, माणसांना फार यातना होतात म्हणून. शिकारीत मात्र तीच दयेची मानतात, कारण जनावर लगेच मरतं. सुरुवातीला मला हा ढोंगीपणा वाटला. पण सैनिकाला जखमी अवस्थेत इस्पितळात नेतात. कोल्ह्याला कोण नेणार? आता मला ते पटतं.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, आणि बंदच असावी. मात्र त्यावरून आपण पुण्यात बसून भाच्यासारख्यांना नाकं मुरडू नयेत. आपल्याकडे रानडुकरासाठी कुंपणात वीज सोडतात, विदर्भात त्यात वाघही मेले आहेत. तारेचे फासे लावतात. कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतात, तो डुक्कर चावला तर जबडा उडतो, गाय चावली तर गाईचा. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, त्याला मी दोष देत नाही. पण तार समोर कोण आलंय ते बघत नाही, आणि नेम धरणाऱ्याला निदान बघावं लागतं.

भाच्याला सांगितलं, आधी खुराड्याला दणकट जाळी लाव, रात्री दार बंद कर. त्यानंतरही वेळ आलीच तर योग्य गोळी घे, आणि नेम पक्का नसेल तर घोडा ओढू नकोस.

काल त्याचा निरोप आला. जाळी लावलीय. संध्याकाळी कायोटी कुंपणापर्यंत आला होता, पण उजेड कमी होता, म्हणून त्याने बंदूक खाली ठेवली. एक कोंबडी तेवढी आधीच गेली होती.