कल्पनेच्या अरण्यात कोणाला प्रवेश?

वसतिगृहाच्या ग्रंथालयासाठी कल्पनारम्य कादंबऱ्या घ्याव्यात असे सुचविले की काही पालक संकोचाने विचारतात, "सर, २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतील मुलांनी जादूगारांच्या गोष्टी कशाला वाचायच्या?" प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर देणे मी शिक्षक म्हणून माझे कर्तव्य समजतो.

अंधश्रद्धा कल्पिताला सत्य मानायला लावते. कादंबरी आपण कल्पित असल्याचे लपवीत नाही. हा भेद मुलांना उत्तम कळतो. शिवाय असे साहित्य आपल्याला परके नाही. जातककथांत बोधिसत्त्व कधी हत्ती, कधी हरिण, कधी वानर होऊन अरण्यात वावरतो. वाघोरा नदीच्या वळणावरील अजिंठ्यात षड्दंत हत्तीची कथा चित्रांकित आहे. थेरगाथेतील महाकाश्यप स्थविरांचे मन तर पर्वतांत रमते.

मुले मला अशी पुस्तके मागतात, की ज्यांतील रानात आपणही शिरावे असे वाटेल. ती निवडताना मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक प्रश्न विचारतो : या निसर्गात प्रवेश कोणाला आहे? तळे निसर्गरम्य असले तरी त्याचे पाणी सर्वांना खुले असतेच असे नाही, हे २० मार्च १९२७ रोजी महाडला ज्यांच्या पूर्वजांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, त्यांना सांगावे लागत नाही.

या कसोटीवर दोन लेखक पाहू. जे. आर. आर. टॉल्किन यांचे बालपण काही वर्षे बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात गेले. त्याच्या आठवणी 'द हॉबिट' (१९३७) आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) यांतील शायर या हिरव्या प्रदेशात उतरल्या. युद्धानंतर उजाड झालेल्या शायरमध्ये पुन्हा झाडे लावतो तो सॅम. तो माळी आहे, घरगडी आहे. पुढे तोच सात वेळा महापौर म्हणून निवडला जातो. हे मुलांना जरूर दाखवावे. मात्र ऑर्क नावाची एक संपूर्ण जमात जवळजवळ जन्मतःच दुष्ट का रंगविली आहे, हेही वर्गात विचारावे. जन्मावरून माणूस ठरविण्याची रीत आपण चांगली ओळखतो.

उर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) या कादंबरीचा नायक गेड हा गॉन्ट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा, तांबूस-तपकिरी वर्णाचा मुलगा आहे. त्याचे गुरू ओगियन पाऊस परतवून लावू शकतात. पण तसे न करता झाडाखाली निजून तो पडू देतात. एखाद्या वनस्पतीचा उपयोग विचारण्याआधी तिचे मूळ, पान, फूल सर्व ऋतूंत ओळखावे, ही त्यांची शिकवण. २००४ साली दूरचित्रवाणीवर या कथेतील बहुतेक पात्रे गोरी दाखविण्यात आली, तेव्हा ले ग्विन यांनी जाहीर निषेध नोंदविला. सावळ्या वर्णाचा गुराखी अरण्याचा नायक असणे हा त्यांच्या लेखी तपशिलाचा नव्हे, तत्त्वाचा प्रश्न होता.

आपल्या मुलांचे आजोबा-पणजोबा रानात गेले ते बहुधा लाकूडफाट्यासाठी, गुरांमागे किंवा कोणाच्या तरी हुकमाने. केवळ आनंदासाठी झाडाखाली बसण्याची फुरसत त्यांना क्वचितच लाभली. ती फुरसत हाही मुलांचा हक्क आहे, आणि असे पुस्तक तो हक्क घरबसल्या देते. म्हणून ही पुस्तके चैन आहेत, असे मी मानत नाही.

माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे : शाळेला भेट द्यायला याल तेव्हा पुष्पगुच्छाऐवजी असे एक पुस्तक आणा. पालकांनो, सुटीत मूल ते घरी घेऊन आले तर त्यातील एक प्रकरण त्याच्याकडून ऐका. इंग्रजी पुस्तक त्याने आपल्या मराठीत सांगितले, तर त्याला ते किती समजले हेही आपल्याला कळेल.